देशी वळूंच्या कांड्या घरपोच : गाय गाभण राहते, जातीचे काय?

देशी गाईंसाठी कृत्रिम रेतनाची घरपोच सेवा आता राज्यात बऱ्याच ठिकाणी मिळू लागली आहे. आमच्या डोंगरपट्ट्यात काम करणाऱ्या अशा एका सेवेचा मी काही वर्षांपासून ग्राहक आहे; गोठ्यात मुख्यतः डांगी गाई आहेत आणि दुधासाठी थोड्या गीर. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण जे गुणदोष मांडायचे आहेत ते थोड्याफार फरकाने या प्रकारच्या इतर सेवांनाही लागू पडतात, असे अन्य पशुपालकांशी बोलल्यावर दिसते. अशा सेवेचे मोजमाप सहसा एकाच आकड्याने होते : शंभर गाई भरवल्या तर त्यांतील किती गाभण राहिल्या. तो आकडा महत्त्वाचा आहेच. परंतु देशी जात सांभाळणाऱ्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. या कांडीतून, म्हणजे गोठवलेल्या रेताच्या नळीतून, गोठ्यात येणारे वासरू आपल्या भागातील पावसापाण्याला, चाऱ्याला आणि रोगराईला टिकणाऱ्या जातीचे राहील का, आणि त्या जातीतील जनुकीय विविधता पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहते आहे की आटत चालली आहे, हे तपासणे त्याला भाग असते. हे परीक्षण मुख्यतः त्या अंगाने लिहिले आहे.

पहिल्या कसोटीबद्दल थोडक्यात सांगता येते : सेवा चांगली आहे. देशी गाईचा माज (गाय फळण्यास तयार असण्याचा काळ) संकरित गाईच्या तुलनेत सौम्य असतो आणि कमी वेळ टिकतो. पुष्कळदा तो रात्रीच सुरू होतो आणि मालकाच्या लक्षात येईपर्यंत ओसरू लागतो. त्यामुळे निरोप दिल्यापासून कर्मचारी किती वेळात गोठ्यावर पोहोचतो, यावर बरेच काही अवलंबून असते. सकाळी सोट (माजाच्या वेळचा चिकट स्राव) दिसल्याचे कळवले की त्याच दिवशी संध्याकाळच्या आत माणूस हजर होतो, हा माझा अनुभव आहे. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमधून कांडी काढल्यावर तो ती ३७ अंशांच्या पाण्यात, थर्मामीटर पाहून, अर्धा मिनिट धरतो, पुसून कोरडी करतो आणि मगच रेतनाच्या नळीवजा ‘गन’मध्ये भरतो. खिशात किंवा मुठीत धरून कांडी वितळवण्याची वाईट पद्धत येथे दिसली नाही. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर पुढच्या माजाला भरवण्याआधी तपासणी होते, आणि सलग उलटणाऱ्या गाईला पुन्हा कांडी न भरता पशुवैद्यकाकडे दाखवण्याचा सल्ला दिला जातो, ही गोष्टही प्रामाणिकपणाची आहे.

खरी अडचण वळूंच्या यादीपासून सुरू होते. यादीत गीर आणि साहिवाल यांची रेलचेल आहे. खिल्लार आणि देवणी नावापुरते आहेत, लाल कंधारी आणि गवळाऊ ‘मागणी नोंदवा, आले तर कळवू’ या सदरात मोडतात, आणि डांगी, कोकण कपिला किंवा कठाणी विचारली तर उत्तर मिळते, “साहेब, देशीच पाहिजे ना? मग गीर घ्या की, दूधही वाढेल.” सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, परंतु या उत्तरामागे जी समजूत आहे ती या सेवेचा सर्वांत मोठा दोष आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशातील गाईंच्या पन्नासहून अधिक जातींची नोंद केली आहे आणि वर दिलेल्या नावांपैकी गीर व साहिवाल सोडता बाकीच्या सर्व जातींचे घर महाराष्ट्रात आहे. त्या एकमेकींच्या जागी वापरता येतील अशा नाहीत.

वशिंडाच्या गाई उष्ण प्रदेशाला सरावलेल्या असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. सैल कातडी आणि गळ्याखालची लोंबती पोळी यांमुळे उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीराचा पृष्ठभाग वाढतो, केस आखूड आणि गुळगुळीत असतात, घामाच्या ग्रंथी मोठ्या असतात, आणि शरीरात चयापचयातून निर्माण होणारी उष्णताही युरोपीय गाईंपेक्षा कमी असते. गोचिडांचा उपद्रवही त्यांना तुलनेने कमी होतो. एवढा वारसा गीर, डांगी, खिल्लार अशा साऱ्यांना सामायिक आहे. त्याच्या वर प्रत्येक जातीने आपापल्या मुलखात जे कमावले, ते मात्र वेगवेगळे आहे. इगतपुरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आटपाडी, सांगोल्याच्या माळावर तो पाचशेच्या आतबाहेर असतो. पहिल्या मुलखात डांगी घडली आणि दुसऱ्यात खिल्लार. दोन्ही जाती सह्याद्रीच्या आसऱ्याने वाढल्या, परंतु एकीची जागा दुसरीला देता येणार नाही.

डांगीच्या बाबतीत हा फरक हाताला लागतो. आषाढात गाय दिवसभर पावसात चरून परत येते तेव्हा तिच्या पाठीवरचे पाणी ओघळून गेलेले असते, केस चिंब होऊन अंगाला चिकटलेले नसतात, आणि तळहाताने पाठ चोळली तर किंचित तेलकटपणा जाणवतो. कातडीतून पाझरणाऱ्या या तेलकट स्रावामुळे संततधार पावसातही तिच्या अंगात गारठा भरत नाही. खूर काळे आणि टणक असल्याने भातखाचराच्या चिखलात आणि कातळावर ते सारखेच टिकतात. त्याच गोठ्यातील माझ्या गीर गाई श्रावण लागेपर्यंत पाय उचलून धरू लागतात. खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, त्या धुऊन औषध लावावे लागते, आणि वैरण बांधावर नेऊन टाकावी लागते. यात गीरचा काही दोष नाही. ती सौराष्ट्रातील जुनागढ, अमरेली, भावनगर या कोरड्या भागात घडलेली जात आहे, आणि तिच्या मुलखात डांगी नेली तर तिचीही अशीच परवड होईल. डोंगरातील पशुपालकाला गीरची कांडी देताना एवढे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही, हे मात्र खटकते.

हे गुण एखाद्या एकट्या जनुकावर बसलेले नसतात. त्यांमागे लहान लहान परिणाम करणारी अनेक जनुके एकत्र काम करत असतात आणि शेकडो वर्षांच्या निवडीने ती एका कळपात जमून आलेली असतात. डांगी गाईला गीरची कांडी भरली की पहिल्या पिढीत निम्मे रक्त गीरचे येते, त्या कालवडीला पुन्हा गीर भरली की ७५ टक्के आणि तिसऱ्या पिढीत ८७.५ टक्के. पहिल्या पिढीची कालवड अनेकदा दोन्ही मूळ जातींपेक्षा सरस निघते, संकराचा जोम म्हणतात तो हाच, आणि नेमकी तीच फसगतीची जागा असते. शेजारी ती कालवड पाहून आपल्याही गाईला तेच भरतो. पाय आणि कातडी यांचे प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत दिसू लागतात, तोपर्यंत परत फिरायला शुद्ध डांगी वळू आसपास उरलेला नसतो. देशी जातीचा देशी जातीशी संकर निरुपद्रवी असतो, ही समजूत म्हणूनच मला विदेशी संकरापेक्षाही घातक वाटते. विदेशी संकर रंगारूपावरून ओळखू येतो. हा येत नाही.

यादीचा आणखी एक तोकडेपणा जातीच्या आत डोकावल्यावर कळतो. खिल्लारमध्ये आटपाडी महाल, म्हसवड, तापी आणि नकली असे प्रकार जाणकार सांगतात. देवणीत पांढऱ्या अंगाची बालंक्या, काळ्या तोंडाची वान्नेरा आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची शेवेरा असे तीन प्रकार आहेत. यादीत मात्र नुसते ‘खिल्लार’ आणि ‘देवणी’ असते. वळू कोणत्या प्रकाराचा, कोणत्या भागातून निवडलेला, याचा पत्ता लागत नाही. जातीची विविधता तिच्या आतील अशाच धाग्यांत साठलेली असते आणि ते सगळे एका नावाखाली गुंडाळले की हळूहळू जो प्रकार यादीत असेल तोच शिल्लक राहतो. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिल्यानंतर आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरवल्यानंतर खिल्लारची प्रतिष्ठा पुन्हा वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे; पण प्रत्येकाला नाव मिळवलेल्या त्याच दोन-तीन वळूंचे खोंड हवे असतात, त्यामुळे आवड वाढली तरी पाया अरुंद होण्याचा धोका तेथेही आहेच.

आता कांडीकडे वळू. पाव मिलिलिटरच्या त्या बारीक नळीवर बारकाईने पाहिले तर केंद्राचा संकेत, जात, वळूचा क्रमांक आणि उत्पादनाची तारीख छापलेली दिसते. हा क्रमांक म्हणजे वासराच्या बापाचे नाव होय. सेवेच्या पावतीवर मात्र ‘जात : गीर’ एवढेच लिहून वळू क्रमांकाची जागा कोरी सोडली जाते, मी आग्रह धरतो म्हणून माझ्या पावतीवर तो येतो, आणि रिकामी नळीही मी मागून घेतो. माझ्या एका गीर कालवडीला भरायला आणलेली कांडी तिच्याच बापाची निघाली, ती केवळ जुनी पावती जपून ठेवली होती म्हणून लक्षात आली. कर्मचाऱ्याने लगेच दुसरी कांडी काढली, वाद घातला नाही. परंतु त्याच्याकडे हे तपासण्याचे कोणतेही साधन नव्हते. बाप आणि मुलगी यांच्या संयोगातून जन्मणाऱ्या वासरात अंतःप्रजननाचा गुणांक (नात्यातील संयोगाची तीव्रता दाखवणारा आकडा) २५ टक्के येतो, सावत्र भावंडांच्या संयोगातून १२.५ टक्के. प्रजननक्षमता घटणे, वासरे अशक्त निपजणे, मरतूक वाढणे आणि दबलेले आनुवंशिक दोष उघडे पडणे हे त्याचे परिणाम असतात, आणि पुष्कळदा त्यांचे खापर चाऱ्यावर किंवा हवामानावर फोडले जाते.

एका गोठ्यातली ही चूक कोणाच्याही लक्षात आणून देता येते. साऱ्या जातीवर होणारा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब मांडणे आवश्यक आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गाई-बैलांची संख्या, गावठी जनावरे धरून, १४.२१ कोटी होती. २०१२ च्या तुलनेत ती सुमारे ६ टक्क्यांनी घटली. एवढा मोठा आकडा पाहिला की विविधतेची काळजी अनाठायी वाटते. पण जनुकीय दृष्टीने कळपाचा आकार मोजताना प्रजननात भाग घेणारे नर आणि माद्या यांची संख्या वेगवेगळी धरतात : नर गुणिले माद्या, त्याची चौपट, भागिले दोघांची बेरीज. दहा हजार गाईंना केवळ दहा वळूंच्या कांड्या वापरल्या, तर त्या कळपाचा परिणामकारक आकार दहा हजार न राहता सुमारे ४० होतो. वळू ४० केले की तोच आकडा जवळजवळ १६० वर जातो, गाई तेवढ्याच राहूनसुद्धा. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनात हा आकार ५० च्या खाली जाऊ नये असे धरले जाते. नैसर्गिक रेतनात एक वळू वर्षाला काही डझन गाई फळवतो. गोठवलेल्या रेताच्या तंत्रात त्याच वळूच्या वर्षाला हजारो कांड्या निघतात. जातीचा पाया रुंद ठेवायचा की अरुंद करायचा, हे म्हणून गाईंच्या संख्येपेक्षा यादीतील वळूंच्या संख्येवर जास्त ठरते, आणि माझ्या सेवेच्या यादीत काही जातींचे वळू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

याचा शेवट कोठे होतो, हे होल्स्टीन जातीने दाखवून दिले आहे. अमेरिकेत १९६२ साली जन्मलेला पॉनी फार्म आर्लिंडा चीफ हा वळू दुधाच्या बाबतीत असामान्य होता. त्याच्या सोळा हजारांवर मुली झाल्या आणि त्या जातीच्या एकूण जनुकसाठ्यात त्याचा वाटा सुमारे १४ टक्क्यांपर्यंत पोहोचला. त्याच्या अंगात एका जनुकाची सदोष प्रत होती. ती आई आणि बाप दोघांकडूनही आली तर गर्भ पोटातच मरतो. हा दोष लक्षात येईपर्यंत जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात त्यामुळे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वळू वाईट नव्हता. त्याने दुधात जी भर घातली तिचे मोल नुकसानीहून कितीतरी अधिक होते, असेही तेच शास्त्रज्ञ सांगतात. परंतु लाखोंच्या संख्येतील ती जात आज परिणामकारक आकाराने शंभराच्या आसपास घुटमळते, आणि आपल्या गीरची वाटचाल त्याच दिशेने व्हावी असे कोणी म्हणणार नाही.

यादीत वळूच्या आईचे दूध ठळक छापलेले असते, ‘ए२ए२’ हे तर त्याहून ठळक. ए२ हा दुधातील एका प्रथिनाच्या एका जनुकाचा प्रकार आहे आणि देशी गाईंमध्ये तो मुळातच बहुसंख्येने आढळतो, तेव्हा देशी वळूच्या बाबतीत त्याची जाहिरात करण्यात फारसे हशील नाही. वळूच्या बापाचे आणि आईच्या बापाचे क्रमांक त्या जागी छापले असते तर प्रत्येक पशुपालकाला नात्यातील संयोग टाळता आला असता. गाईच्या कानातील बारा अंकी बिल्ल्यावर आता सारी नोंद होत असते; त्याच नोंदीवरून कांडी बाहेर काढण्यापूर्वी ‘हा वळू या गाईचा बाप आहे’ एवढी सूचना कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर यायला हवी. यासाठी नवे विज्ञान लागत नाही.

लिंगनिश्चित कांड्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्या वापरल्यास सुमारे ९० टक्के कालवडी होतात, मात्र कांडीत शुक्राणूंची संख्या नेहमीच्या कांडीच्या मानाने बरीच कमी असल्याने गाभण राहण्याचे प्रमाण घटते, आणि सेवेने हे आधीच स्पष्ट सांगितले होते. गीरसाठी त्या सोयीच्या आहेत. खिल्लार किंवा डांगीसारख्या जातीत, जेथे बैल हे गाय पाळण्याचे अर्धे कारण असते आणि पुढचा वळू गावातल्याच गोऱ्ह्यांतून निवडायचा असतो, तेथे त्यांचा सरसकट वापर मला पटत नाही.

जनुकीय चाचणीची चौकशीही मी केली. पूर्वीच्या चिप (जनावराच्या जनुकांतील अनेक फरक एकदम तपासणारी साधने) प्रामुख्याने युरोपीय जातींमध्ये आढळणारे फरक पाहून तयार झाल्या होत्या, त्यामुळे आपल्या गाई त्यांवर तपासल्या की त्यांची विविधता प्रत्यक्षाहून कमी दिसत असे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये देशी जातींसाठी ‘इंडिगाऊ’ ही चिप आणली, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथील कार्यक्रमात ‘गौ चिप’ व म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचे पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झाले. जात किती शुद्ध आहे, दोन जनावरांचे नाते किती जवळचे आहे, दोषाची प्रत कोणत्या वळूत आहे, हे वंशावळीची वही नसतानाही अशा चाचणीतून कळू शकते, आणि ज्या जातींच्या वह्याच कधी ठेवल्या गेल्या नाहीत त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. माझ्या सेवेकडे मात्र अजून याची व्यवस्था नाही; नमुना कोठे पाठवायचा हेही तेथील कोणाला सांगता आले नाही. डांगीसारख्या जातीत दुधाच्या नोंदीच मुळात तुटपुंज्या असल्याने चिपवरून उत्तम वळू निवडण्याची घाई इतक्यात होऊ नये, नाते आणि शुद्धता तपासण्यापुरताच तिचा उपयोग व्हावा, असे माझे मत आहे.

यावर गावचा वळू हा पर्याय काही जण सुचवतात, आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. राजूरच्या डांगी प्रदर्शनासारख्या ठिकाणी पावसात, चिखलात, डोंगरात तपासून निघालेले वळू आजही पाहायला मिळतात. कांडीतील वळूची अशी परीक्षा कोणी घेतलेली नसते. पण गावच्या वळूची ब्रुसेलोसिससारख्या सांसर्गिक रोगांची तपासणी क्वचितच होते, तर मान्यताप्राप्त केंद्रातील वळूंची ती ठरावीक काळाने करावीच लागते. शिवाय तोच वळू वर्षानुवर्षे गावात राहिला की आपल्याच मुलींना फळवू लागतो, म्हणजे कांडीवर घेतलेला आक्षेप त्यालाही लागू होतो.

ज्यांच्याकडे गीर किंवा साहिवाल आहेत आणि भाग कोरडा आहे, त्यांनी ही सेवा निःशंक घ्यावी. पावतीवर वळू क्रमांक लिहून घ्यावा आणि एकाच वळूची कांडी पुढच्या पिढीला पुन्हा लागणार नाही हे स्वतः पाहावे. खिल्लार आणि देवणी पाळणाऱ्यांनी कांडी घेण्यापूर्वी वळूचा प्रकार आणि मूळ गाव विचारावे, उत्तर न मिळाल्यास थांबावे. गावठी गाईंना मात्र सरसकट गीर भरणे टाळलेले बरे. ज्या गाईंची कोणत्याच जातीत गणना होत नाही त्यांच्यातही स्थानिक हवामानाला सरावलेला मोठा जनुकसाठा असतो, आणि त्यांच्यासाठी त्याच भागातील नोंदणीकृत जातीचा वळू अधिक योग्य ठरतो. डांगी पट्ट्यातील पशुपालकांसाठी या सेवेकडे सध्या देण्यासारखे काही नाही. सेवेने किमान दहा-बारा वेगवेगळ्या गावांतील, परस्परांशी नाते नसलेले डांगी वळू निवडून त्यांच्या कांड्या ठेवाव्यात, अशी लेखी मागणी आम्ही काही जणांनी केली आहे. तोवर चार-पाच गावांनी मिळून रोगतपासणी केलेले वळू ठेवावेत आणि त्यांच्या कालवडी माजावर येण्यापूर्वी, म्हणजे साधारण अडीच वर्षांच्या आत, ते आपसांत बदलून घ्यावेत.